आधी रात्र पाहा: फेब्रुवारी सरताना गुलमर्गचा बर्फ कसा ओळखायचा

“रात को आसमान देखा था?”

गुलमर्गमधल्या माझ्या पहिल्या मार्चात मला विचारला गेलेला हा पहिला प्रश्न. सकाळचे साडेआठ वाजले होते. भाड्याचे स्की खांद्यावर होते, बुटांची बकलं आवळून झाली होती आणि आमचे प्रशिक्षक, तंगमर्गकडचे पन्नाशीचे गृहस्थ, उताराकडे न बघता माझ्याकडे बघत होते. मी आदल्या रात्री आठलाच रजईत शिरले होते, आकाश काही पाहिलं नव्हतं. त्यांनी हातातली काठी बर्फात टोचली, ती जवळजवळ मुठीपर्यंत आत गेली. “आज साडेदस तक,” एवढंच ते म्हणाले.

साडेदहाला त्यांनी खरंच वर्ग थांबवला. दुपारी जेवण झाल्यावर ऊन इतकं छान पडलं होतं की मी एकटीच पुन्हा उतारावर गेले. दीडच्या सुमाराला डावा स्की ओल्या बर्फात रुतला, अंग पुढे गेलं आणि पाय मागेच राहिला. पडले अगदी सावकाश, म्हणूनच बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी पकड, सुटलं नाही आणि सगळा पीळ गुडघ्यावर आला. पुण्यात परतल्यावर सहा आठवडे नी-ब्रेस लावून वावरले. तेव्हापासून दर वर्षी फेब्रुवारीच्या शेवटाला किंवा मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात गुलमर्गला जाते, आणि रात्री बाहेर येऊन आकाश पाहिल्याशिवाय झोपत नाही.

सह्याद्रीत फिरणारे, पुण्या-मुंबईचे, नाशिकचे कितीतरी जण आता स्की शिकायला उत्तरेत जातात, आणि बहुतेकांच्या सुट्ट्या नेमक्या याच दिवसांत जमतात. हा लेख त्यांच्यासाठी आहे. जानेवारीत समोरचा दिवस पाहून स्की करता येतं. फेब्रुवारी सरत आला की दिवस कसा जाणार ते आदली रात्र ठरवते. हे एक ध्यानात आलं की बाकीचं सगळं त्याच्या मागून येतं.

कोणते दिवस धरायचे

काश्मिरी लोक हिवाळ्याचे तीन भाग करतात. २१ डिसेंबरपासून ४० दिवसांचा चिल्ला-ए-कलाँ, त्यानंतर २० दिवसांचा चिल्ला-ए-खुर्द आणि शेवटी १० दिवसांचा चिल्ला-ए-बच्चा. हा धाकटा चिल्ला संपतो तेव्हा मार्च लागलेला असतो. त्यापुढे सोंथ, म्हणजे वसंत. खाली श्रीनगरात बदामाला फुलं येण्याचे दिवस जवळ आलेले असतात, आणि वर अफरवटवर, गुलमर्गच्या डोक्यावरच्या डोंगरावर, मात्र हिवाळा पाय रोवून उभा असतो.

पूर्वी चिल्ला-ए-कलाँचा बर्फ हाच भरवशाचा मानला जायचा. अलीकडे ते गणित बिघडलं आहे. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गची कुरणं जवळजवळ कोरडी होती, खरा बर्फ महिनाअखेरीनंतर आला. २०२५ मध्ये खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांचा गुलमर्गचा टप्पा फेब्रुवारीत व्हायचा होता, बर्फ नाही म्हणून तो पुढे ढकलावा लागला आणि ९ ते १२ मार्चला पार पडला. म्हणून माझा सल्ला असा: अगदी नवशिके असाल तर फेब्रुवारीचा दुसरा-तिसरा आठवडा धरा, कारण शिकायचे उतार खाली कुरणाजवळ आहेत आणि ऊन तापायला लागलं की आधी तेच खराब होतात. दोन-तीन हंगाम झाले असतील तर मार्चचा पहिला पंधरवडा अवश्य घ्या. वरचा बर्फ टिकून असतो, दिवस मोठा मिळतो आणि गर्दीही ओसरलेली असते. तारखा कोणत्याही असोत, मध्ये दोन दिवस मोकळे ठेवा. बर्फवृष्टीत श्रीनगरची विमानं रद्द होतात, आणि तंगमर्ग ते गुलमर्ग या १३ किलोमीटरच्या घाटात चाकांना साखळी लावलेली किंवा फोर-बाय-फोर गाडीच वर सोडतात.

एक छोटी गोष्ट, पण हमखास अडते: दुसऱ्या राज्यातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेड लागतं. हवामान बघायला फोन हवाच, तेव्हा याची सोय घरूनच करून निघा.

रात्र बर्फाचं काय करते

दिवसा ऊन लागतं, वरचा थर वितळतो, कणांच्या मधे पाणी भरतं. रात्री ते पाणी गोठलं तर कण एकमेकांना घट्ट धरतात आणि सकाळी बर्फ फरशीसारखा कडक मिळतो. गोठलं नाही तर सकाळीच सगळा लगदा, वर उभं राहिलं की पाय खाली.

आता गोठतं कधी? इथे बहुतेकांची चूक होते. ते मोबाइलवर रात्रीचं किमान तापमान बघतात, उणे एक दिसलं की निर्धास्त होतात आणि अधिक दोन दिसलं की हिरमुसतात. पण मोबाइल हवेचं तापमान सांगतो, बर्फाचं नाही. रात्री आकाश निरभ्र असेल तर बर्फ आपली उष्णता थेट वर सोडत राहतो आणि त्याचा पृष्ठभाग हवेपेक्षा कितीतरी थंड होतो. हे आपल्याकडचंच उदाहरण घेऊन पटवता येईल. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी थंडीत दवबिंदू गोठल्याचे फोटो येतात, तेव्हा हवेचं तापमान शून्याच्या वरच असतं. गवताची पाती मात्र आकाशाकडे उष्णता फेकून शून्याखाली गेलेली असतात. बर्फाचंही अगदी तसंच. हवा अधिक दोन असेल आणि चांदण्या लख्ख दिसत असतील, तर पहाटे उतार कडक सापडतो. हवा शून्याला असेल आणि वर ढगांची गोधडी पांघरलेली असेल, तर उष्णता अडते आणि बर्फ गोठत नाही.

वाऱ्याचाही हात असतो. कोरडा मंद वारा असेल तर बर्फावरची ओल उडून जाते आणि पृष्ठभाग आणखी थंडावतो. दमट, उबदार वारा नेमकं उलटं करतो.

म्हणून रात्री नऊ-साडेनऊला एकदा बाहेर या. हॉटेलच्या दिव्यांपासून थोडं लांब जा आणि मान वर करा. चांदण्या टिपूर असतील तर उद्याची सकाळ चांगली. चंद्राला खळं पडलं असेल तर उंचावर बर्फाच्या स्फटिकांचे पातळ ढग आले आहेत आणि बहुधा एक-दोन दिवसांत पश्चिमेकडून काहीतरी येतं आहे. चांदणी एकही दिसत नसेल तर उद्या लवकर उठायची घाई करण्यात अर्थ नाही, उद्याचा बेत वेगळा.

पहाटेची तपासणी

उठल्यावर पहिलं काम खिडकीशी. गुलमर्गच्या उतरत्या पत्र्यांच्या कडेला बर्फाचे सुळे लोंबत असतात, काश्मिरीत त्यांना शिशरगांठ म्हणतात. साडेपाच-सहाला ते सुळे कोरडे आणि निश्चल असतील तर रात्र नीट गोठली. त्याच वेळी पागोळ्यांचा टपटप आवाज येत असेल तर गोठली नाही. कुठल्याही ॲपपेक्षा मी या आवाजावर जास्त विश्वास ठेवते.

दुसरं काम बेरीज-वजाबाकीचं. ढोबळ हिशोब असा की दर १००० मीटर चढलं की हवा सुमारे साडेसहा अंशांनी थंड होते. गुलमर्गचं कुरण साधारण २६५० मीटरवर आहे. गोंडोलाचा, म्हणजे केबल कारचा, पहिला टप्पा कोंगडोरीला, म्हणजे ३०५० मीटरच्या आसपास सोडतो आणि दुसरा अफरवटच्या खांद्यावर, ३९५० मीटरच्या आसपास. गुलमर्गला अधिक ४ असेल तर कोंगडोरीला अधिक दीड आणि वरच्या स्थानकाला उणे साडेचार. म्हणजे एकाच वेळी खाली वसंत, मधे सीमारेषा आणि वर हिवाळा. ही शून्याची रेषा आज कुठे आहे, हे नाश्त्याला बसण्याआधी तुम्हाला माहीत असलं पाहिजे. श्रीनगरच्या तापमानावरून हिशोब करायचा मोह होतो, पण तो पहाटेच्या आकड्यावरून करू नका. खोऱ्यात रात्री थंड हवा साचून राहते, त्यामुळे सकाळी श्रीनगर कधीकधी गुलमर्गइतकंच गार असतं आणि हिशोब सपशेल चुकतो. दुपारचा आकडा त्यातल्या त्यात बरा.

तिसरं काम चालताना. हॉटेलपासून उतारापर्यंत जाताना बुटाखालचा आवाज ऐका. कोरडा करकर आवाज म्हणजे थंड, कोरडा बर्फ. काच फुटल्यासारखा खडखड आवाज म्हणजे गोठलेला जुना बर्फ. आवाजच नाही, नुसता पचक, तर ओल आत मुरली आहे.

मुठीची परीक्षा

ही परीक्षा मला सगळ्यांत आवडते, कारण ती पाच सेकंदांत होते आणि फसवत नाही. हातमोजा घातलेल्या हाताने पसाभर बर्फ उचला आणि मूठ आवळा.

मूठ उघडल्यावर बर्फ भुरभुरून पडला, गोळा झालाच नाही, तर तो कोरडा. गोळा वळला पण मोजा ओला झाला नाही, तर ओलसर. गोळा वळला, कणांमधे पाण्याची चमक दिसली, पण दाबून पाणी गळलं नाही, तर ओला. दाबल्यावर बोटांच्या फटीतून पाणी ठिबकलं, तर फार ओला. बर्फाचा अभ्यास करणारेही ओलाव्याच्या पायऱ्या अशाच हाताने दाबून ठरवतात, भिंगाखाली कण पाहतात एवढंच.

पण ही परीक्षा एकदा करून भागत नाही. सकाळी नऊला, साडेदहाला, बाराला, प्रत्येक वेळी जिथे उभ्या आहात तिथे करा. आणि फक्त वरचा थर नका उचलू. बोटभर खाली, मग वीतभर खाली. वरचे दोन-तीन सेंटिमीटर मऊ आणि खाली कडक, ही मार्चमधली सर्वांत सुखाची अवस्था. वीतभर खालीही लगदा लागला, तर त्या उताराचा आजचा दिवस संपला.

रवाळ बर्फ आणि त्याची वेळ

कित्येक दिवस वितळणं आणि गोठणं चाललं की बर्फाचे कण जाड, गोल होतात. इंग्रजीत बोलणारे याला कॉर्न म्हणतात, मी रवाळ म्हणते, कारण चांगल्या कढवलेल्या तुपाचा रवा हातात घ्यावा तसा तो दिसतो. सकाळच्या उन्हाने वरचा थर नुकता सुटा झाला की त्यावर स्की लोण्यातून सुरी जावी तसा जातो. वळताना स्कीच्या कडा धरतात, पण अडकत नाहीत. नवशिक्याला सुद्धा आपण फार चांगलं स्की करतोय असं वाटायला लावणारा हा बर्फ.

तो ताज्या बर्फावर लगेच मिळत नाही. नव्या बर्फवृष्टीनंतरच्या पहिल्या-दुसऱ्या दिवशी ऊन पडलं की आधी वर पापुद्रा धरतो, पापडासारखा. त्यावर स्की टाकला की कधी पेलतो, कधी मोडतो. हा मोडका पापुद्रा गुडघ्यांचा सगळ्यांत मोठा शत्रू. चार-पाच निरभ्र रात्री आणि उन्हाचे दिवस लागोपाठ गेले की मग रवा जमतो.

रवाळ बर्फाची वेळ उताराचं तोंड कुठे आहे त्यावर ठरते. पूर्वेकडचे उतार सूर्य उगवताच तापू लागतात, दक्षिणेकडचे त्यानंतर, पश्चिमेकडचे दुपारी. उत्तरेकडच्या उतारांवर मार्चमध्येही ऊन तिरपंच येतं, म्हणून तिथे जुना कोरडा बर्फ टिकतो. पहाडाभोवती सूर्याच्या मागोमाग फिरायचं आणि प्रत्येक उतार त्याच्या तासाला गाठायचा, एवढंच तंत्र आहे.

गुलमर्गपुरतं सांगायचं तर गोंडोलाखालचा अफरवटचा मुख्य उतार साधारण पूर्व-ईशान्येकडे तोंड करून आहे. मार्चच्या सुरुवातीला सूर्य पावणेसातच्या सुमाराला उगवतो आणि गोंडोला नऊ-दहाच्या दरम्यान सुरू होतो. म्हणजे तुम्ही पहिल्या केबिनमध्ये बसलात तरी त्या उताराने दोन-तीन तास ऊन खाल्लेलं असतं. कोंगडोरी ते गुलमर्ग हा खालचा भाग उन्हाच्या दिवशी साडेअकरापर्यंत चांगला, फार तर बारा. त्यानंतर वर जा, खाली येऊ नका. उतरायचंच असेल तर केबिनने उतरा, त्यात काही कमीपणा नाही. युरोपातल्या मार्गदर्शकांतले तास इथे जसेच्या तसे लावू नका. गुलमर्गमध्ये या दिवसांत सूर्य माथ्यावर येतो तो आपल्या घड्याळाने पाऊणच्या सुमाराला, मुंबईसारखाच. त्यामुळे सर्वांत जास्त ताप दोन ते तीनमध्ये असतो.

या खालच्या भागाचा आणखी एक स्वभाव आहे. तो सूचिपर्णी झाडीतून जातो. झाडाच्या सावलीतला बर्फ काचेसारखा आणि दोन हातांवर उन्हातला बर्फ चिखलासारखा, हे एकाच वळणात भेटतं. उन्हातून सावलीत शिरताना वेग एकदम वाढतो, सावलीतून उन्हात येताना एकदम अडतो आणि अंग पुढे फेकलं जातं. दोन्ही वेळा गुडघे थोडे अधिक वाकवून, वजन पायांच्या मधोमध ठेवून जा. शिवाय स्लेजवाल्यांच्या वाटा रात्री गोठल्या की त्यांच्या खोल चाकोऱ्या होतात. सकाळी नऊला त्यात स्की अडकला तर बाहेर काढणं मुश्कील, तेव्हा त्या आडव्या ओलांडा, त्यांच्या बाजूने जाऊ नका.

बर्फ बदलला की पाय कसे बदलायचे

कडक, गोठलेल्या बर्फावर कडा लागतात. भाड्याचे स्की घेताना नखाने कड खरवडून बघा. नखाचा पांढरा भुगा निघाला तर धार आहे, निघाला नाही तर दुकानदाराला धार लावून द्यायला सांगा, संकोच करू नका. छोटी वळणं, वजन खालच्या पायावर, आणि स्नोप्लाऊ करताना, म्हणजे स्कीची पुढची टोकं जवळ आणि मागची लांब ठेवून वेग आवरताना, टाचा पुरेशा बाहेर.

ओल्या बर्फावर उलटं. कडा जोरात टाकल्या की त्या रुततात. दोन्ही पायांवर जवळजवळ सारखं वजन, स्की एकमेकांच्या जवळ, वळणं लांब आणि गोल. स्नोप्लाऊ तर ओल्या बर्फात फार दमवतो, कारण दोन्ही स्की बर्फाचा ढीग ढकलत राहतात. बर्फात थोडं पाणी असलं की स्की छान घसरतो, पण पाणी जास्त झालं की तळ ओल्या काचेला काच चिकटावी तसा धरला जातो. मऊ, उबदार तापमानाचं वॅक्स लावलं की फरक कळतो. भाड्याच्या दुकानात दहा मिनिटांत लावून मिळतं, रोज सकाळी मागा.

बाइंडिंगचा आकडा, म्हणजे ते किती घट्ट ठेवायचं ते, ठरवताना दुकानदार वजन, उंची आणि सराव विचारतो. वजन खरं सांगा, आणि सराव थोडा कमीच सांगा. ओल्या बर्फातलं पडणं संथ आणि पिळाचं असतं. त्यात बाइंडिंग जास्त घट्ट असेल तर पाय सुटत नाही.

आणि थांबायची वेळ: बूट घोट्यापर्यंत रुतायला लागले की शेवटची फेरी. पोटरीपर्यंत गेले की ती फेरीही नको.

पश्चिमेकडून आभाळ येतं तेव्हा

काश्मीरचा जवळजवळ सगळा हिवाळी बर्फ पश्चिमी विक्षोभांतून येतो. भूमध्य समुद्राच्या बाजूने, वरच्या पश्चिमी वाऱ्यांबरोबर सरकत येणाऱ्या या प्रणाली. त्यांचा क्रम पाठ करून ठेवा. आधी उंचावर पातळ ढग आणि खळं. मग हवा बदलते, थंडी कमी झाल्यासारखी वाटते, लोक खूश होतात. मग ढग खाली येतात, अफरवटचा माथा झाकतो, वरचा वारा वाढतो आणि दुसरा टप्पा बंद होतो. मग बर्फ किंवा पाऊस. आणि प्रणाली पुढे सरकली की कोरडी थंड हवा आणि धुतल्यासारखं निळं आकाश.

जानेवारी आणि मार्चमधला फरक त्या ‘किंवा’मध्ये आहे. मार्चमध्ये शून्याची रेषा वर सरकलेली असते, त्यामुळे त्याच ढगातून गुलमर्गला पाऊस आणि कोंगडोरीला बर्फ पडू शकतो. खाली पाऊस लागला तर निराश होऊन परतीचं बुकिंग करू नका, वर काय पडतंय ते लिफ्टवाल्यांना विचारा. मात्र बर्फावर पाऊस पडणं ही उतारांच्या दृष्टीने वाईट बातमी आहे. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी तीव्र उतारांच्या खालीसुद्धा उभं राहू नका.

ढगात शिरल्यावर जमीन आणि आकाश एकच पांढरं होतं. उतार चढतोय की उतरतोय हे डोळ्यांना कळत नाही, कधीकधी थांबलोय की चाललोय हेही नाही. अशा वेळी झाडीच्या कडेने जा. झाडाचं गडद खोड दिसलं की मेंदूला खूण सापडते. कोंगडोरीच्या वर झाडं संपतात, म्हणून माथा झाकायला लागला की दुसऱ्या टप्प्याचा मोह तिथेच सोडा.

हिमस्खलन: इथे घाई नको

गुलमर्गचा मुख्य गोंडोला बोल, म्हणजे गोंडोलाखालचा वाटीसारखा उतार, सोडला तर अफरवटचा बाकीचा विस्तार म्हणजे मोकळा डोंगर आहे. स्की पेट्रोल, म्हणजे उतारांवरचं सुरक्षा पथक, मुख्य भागाची काळजी घेतं, वाकड्या वाटेने कुठेही गेलात तर ती जबाबदारी तुमची. १ फेब्रुवारी २०२३ रोजी अफरवटवर हिमस्खलनात दोन पोलिश पर्यटक दगावले, २२ फेब्रुवारी २०२४ रोजी एक रशियन स्कीपटू दगावला. ८ फेब्रुवारी २०१० रोजी खिलनमर्गजवळ लष्कराच्या प्रशिक्षणातले १७ जवान हिमस्खलनात दगावले. ते तर बर्फात राहायलाच शिकलेले होते.

या दिवसांत डोंगरावर दोन प्रकारचा धोका एकाच वेळी नांदतो. वरच्या भागात अजून हिवाळा असल्याने वाऱ्याने साठवलेल्या बर्फाची कोरडी लादी माणसाच्या वजनाने सुटू शकते. खालच्या, उन्हातल्या भागात पाणी मुरलेला ओला बर्फ आपोआप सुटतो, कुणी पाय ठेवायची गरज नसते. दोन्हींना साधारण ३० ते ४५ अंशांचा उतार लागतो. फोनमध्ये उतार मोजायची सोय असते, काठी उतारावर वरून खाली अशी टेकवून त्यावर फोन ठेवला की आकडा मिळतो. २५ अंशांच्या खाली राहिलात आणि वर तीव्र उतार डोकावत नसेल, तर बरीचशी काळजी मिटते.

ओला बर्फ सुटण्याआधी सांगतो, पण हळू आवाजात. खडकाखालून, झाडाच्या बुंध्यापासून लहान गोळे आपोआप घरंगळायला लागतात, काही चाकासारखे गुंडाळत मोठे होत जातात. हे दिसलं की त्याच मिनिटाला त्या उतारावरून बाजूला व्हा. बर्फात कमानीसारख्या भेगा दिसल्या तर त्यांच्या खालून जाऊ नका. सलग दोन ढगाळ, न गोठलेल्या रात्री गेल्या असतील तर तीव्र उतार पूर्ण सोडा. आणि नव्या बर्फानंतरचा पहिला लख्ख उन्हाचा दिवस, ज्या दिवशी प्रत्येकाला वर जावंसं वाटतं, तो मला सगळ्यांत भीतीचा वाटतो. त्या दिवशी मी खालच्या उतारांवर सराव करते.

संरक्षण खात्याची डीजीआरई ही संस्था जिल्ह्यानुसार हिमस्खलनाचा इशारा देते, गुलमर्ग बारामुल्ला जिल्ह्यात येतं. धोक्याच्या पाच पायऱ्या असतात. तिसरी पायरी म्हणजे मधली, म्हणजे चालेल, असं समजू नका. जिल्ह्याचा इशारा तुमच्या पायाखालच्या उताराबद्दल काही सांगत नाही, म्हणून सकाळी स्की पेट्रोलच्या फलकाशी जा आणि तिथल्या माणसाशी दोन मिनिटं बोला.

मुख्य भाग सोडून जायचं असेल तर स्थानिक गाइड, प्रत्येकाकडे ट्रान्सीव्हर (गाडलेल्याचा ठावठिकाणा सांगणारं रेडिओ यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडं, आणि ते वापरायचा सराव. तिन्हींपैकी एक नसलं तरी जायचं नाही. गाडलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर आला तर वाचण्याची शक्यता मोठी असते, नंतर ती झपाट्याने घसरते. मदत खालून येईपर्यंत ती वेळ निघून गेलेली असते, वाचवणारे तुमचे सोबतीच असतात. ओला बर्फ थांबल्यावर सिमेंटसारखा बसतो, हाताने उकरता येत नाही, म्हणून फावडं धातूचंच घ्या.

अंगावर काय, पिशवीत काय

थंडीची तयारी आपण मुंबई-पुण्याहून जरा जास्तच करून येतो, उन्हाची करतच नाही. ताजा बर्फ अतिनील किरणांपैकी ८० टक्क्यांहून अधिक परत फेकतो, आणि दर १००० मीटरला ते किरण १० टक्क्यांच्या आसपास वाढतात. ऊन वरून लागतं तसं खालूनही लागतं: हनुवटीखाली, नाकपुड्यांच्या आत, कानाच्या पाळीमागे. सनस्क्रीन तिथेही लावा आणि दर दोन तासांनी पुन्हा. गॉगल काढून फोटो काढण्याचा नाद आवरा. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं संध्याकाळी वाटायला लागतं, तोपर्यंत इजा झालेली असते.

कपडे पातळ थरांचे घ्या. सकाळी उणे पाच, दुपारी उन्हात घाम आणि चारला सावली पडताच पुन्हा थंडी, हे सगळं एकाच दिवशी होतं. मोजे आणि हातमोजे दोन-दोन जोड. ओला हातमोजा तीन वाजता चालून जातो, साडेचारला बोटं बधिर करतो.

समुद्रसपाटीवरून विमानाने येऊन त्याच दिवशी ३९५० मीटरवर जाऊ नका. पहिली रात्र गुलमर्गला काढा, पाणी भरपूर प्या, दुसऱ्या दिवशी कोंगडोरीपर्यंत आणि डोकं जड वाटलं नाही तर तिसऱ्या दिवशी वर.

संध्याकाळी परतल्यावर आधी बुटांचे आतले लायनर बाहेर काढा. बुखारीच्या, म्हणजे खोलीतल्या शेगडीच्या, अगदी जवळ ठेवले तर फोम आक्रसतो आणि दुसऱ्या दिवशी बूट टोचतो. हातभर अंतरावर, तोंड खाली करून ठेवा. स्कीच्या कडा फडक्याने कोरड्या पुसा, नाहीतर रात्रीत गंज धरतो. गोंडोलाचं दुसऱ्या दिवसाचं तिकीट ऑनलाइन झालंय का ते बघा. मग एक कप नून चाय, म्हणजे काश्मिरी खारा चहा, घेऊन, जाकीट चढवून, पाच मिनिटं बाहेर जाऊन या.